फाउंडेशनच्या मालकीची सॉफ्टवेअर कंपनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयातली बहुतेक मोठी उदाहरणं अमेरिकेत नोंदलेली आहेत. म्हणून खालची उत्तरं, वेगळं सांगितलं नसेल तिथे, अमेरिकी संघीय कायद्याला धरून आहेत. राज्यांचे कर आणि नियम वेगळे असतात. ते आकडेमोडीत धरलेले नाहीत.

ना-नफा संस्था नफा कमावणाऱ्या कंपनीची मालक होऊ शकते का?

हो, आणि शंभर टक्केही होऊ शकते. ‘ना-नफा’ म्हणजे नफा होताच कामा नये असं नाही. झालेला नफा संस्थापक, विश्वस्त किंवा भागधारक म्हणून कुणा व्यक्तीच्या खिशात जाऊ नये, एवढंच बंधन आहे. फाउंडेशनला भागधारकच नसतात, त्यामुळे वाटून घेणारं कुणी नसतं. उपकंपनी मात्र चारचौघींसारखी कंपनी असते. ती कर भरते, करार करते, तोटाही सोसते. तिचा एकमेव भागधारक एक धर्मादाय संस्था आहे, एवढाच काय तो फरक.

मग फाउंडेशन स्वतःच धंदा का करत नाही? दुसरी कंपनी कशाला?

तीन कारणं: कर, करमाफीला असणारा धोका आणि जबाबदारी (धंद्यावर दावा झाला तर तो फाउंडेशनच्या पैशापर्यंत पोचू नये).

५०१(सी)(३) या, धर्मादाय संस्थांसाठीच्या करकलमाखाली करमाफी मिळालेल्या संस्थेने आपल्या उद्दिष्टाशी संबंध नसलेला धंदा नियमित चालवला, तर त्या उत्पन्नावर २१ टक्के कर लागतो. पहिल्या १,००० डॉलरची सूट मिळते. तेवढ्यावर भागत असेल तर वेगळी कंपनी काढण्याची गरज नाही. पण असंबंधित धंदा वाढत जाऊन संस्थेचं मुख्य काम तोच झाला, तर करमाफीच काढून घेतली जाऊ शकते. किती टक्क्यांनंतर धोका, याची पक्की रेषा कायद्यात आखलेली नाही, आणि म्हणूनच सल्लागार लवकर वेगळी कंपनी काढायला सांगतात.

फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं उदाहरण घ्या. मोझिला फाउंडेशन २००३ मध्ये स्थापन झालं तेव्हा एओएल या इंटरनेट कंपनीने २० लाख डॉलर दिले होते. फायरफॉक्स लोकप्रिय झाला आणि ब्राउझरमधल्या शोधपेटीमुळे गूगलकडून पैसे येऊ लागले. ही रक्कम देणग्यांच्या मानाने फार मोठी होती. ऑगस्ट २००५ मध्ये मोझिला कॉर्पोरेशन ही करपात्र उपकंपनी काढून ब्राउझरचं काम आणि हे करार तिच्याकडे दिले. पण कंपनी निघण्याआधी फाउंडेशनकडे आलेल्या पैशाचं काय? करखात्याने २००४ आणि २००५ सालांची तपासणी सुरू केली. २०१२ मध्ये १५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. उपकंपनी काढल्याने मागचे हिशेब पुसले जात नाहीत.

सगळे शेअर फाउंडेशनकडे असले की ताबाही फाउंडेशनचाच, हे बरोबर आहे ना?

इथेच बहुतेकांची गफलत होते. शेअर कुणाकडे आहेत हा फक्त पहिला प्रश्न आहे. खरा ताबा कळायला तीन गोष्टी बघाव्या लागतात: कंपनीचे संचालक कोण नेमतं आणि कोण काढतं, नाव आणि बोधचिन्हाचा ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे, आणि पैसा कोणत्या वाटेने परत येतो.

भागधारक म्हणून फाउंडेशन संचालक नेमतं. रोजचा कारभार संचालक आणि व्यवस्थापन बघतात. याशिवाय काही निर्णय फाउंडेशनच्या संमतीशिवाय होणार नाहीत असं कंपनीच्या नियमावलीत लिहून ठेवता येतं: नवे शेअर काढणं, कंपनी किंवा तिची मुख्य मालमत्ता विकणं, ठरावीक रकमेवरचं कर्ज, उद्दिष्टात बदल, मुख्याधिकाऱ्याची नेमणूक. हे कलम नसेल तर फाउंडेशनच्या हाती संचालक बदलणं एवढंच हत्यार उरतं. ते इतकं जड असतं की सहसा कुणी उचलत नाही.

उचललं तर काय होतं, ते चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये दिसलं. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ना-नफा संस्थेच्या मंडळाने मुख्याधिकारी सॅम ऑल्टमन यांना काढलं. तो अधिकार मंडळाकडे निर्विवाद होता. पण बहुतांश कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडण्याची धमकी दिली आणि आठवडा उलटायच्या आत ऑल्टमन परत पदावर आले, मंडळच बदललं. आता उलट बाजू बघा. ऑक्टोबर २०२५ च्या फेररचनेत ओपनएआय फाउंडेशनकडे कंपनीचा साधारण २६ टक्केच हिस्सा राहिला, मायक्रोसॉफ्टकडे त्याहून किंचित जास्त, साधारण २७ टक्के. तरीही कंपनीचे संचालक नेमण्याचा अधिकार फाउंडेशनने राखला आहे. टक्केवारी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

ट्रेडमार्कवर एवढा भर कशासाठी?

कारण मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही घेता येतो. त्याच्या परवान्यातच ती मुभा असते. मग कुणी कॉपी करू शकत नाही असं उरतं काय? नाव. नाव फाउंडेशनकडे असेल तर कंपनी बिनसली, विकली गेली किंवा बुडाली तरी प्रकल्प त्याच नावाने दुसऱ्या कुणाकडून चालू ठेवता येतो.

पण नाव फाउंडेशनकडे ‘असणं’ पुरेसं नाही. त्याचा परवाना कसा दिलाय ते वाचा. २०१० मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा ट्रेडमार्क वर्डप्रेस फाउंडेशनला दिला. त्याच वेळी व्यावसायिक वापराचा एकाधिकार परवाना फाउंडेशनकडून कंपनीला परत मिळाला. दोन्हीकडे प्रमुख व्यक्ती एकच. बरीच वर्षं बाहेरच्यांना हे ठळकपणे जाणवलं नाही. २०२४ मध्ये डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी वाद कोर्टात गेला तेव्हा ही कागदपत्रं सगळ्यांनी उघडून बघितली. लक्षात घ्या, इथे फाउंडेशन कंपनीचं मालक नाहीच.

आणखी एक. परवाना दिल्यावर मालकाने दर्जावर देखरेख ठेवायलाच हवी. ‘वापरा हवं तसं’ म्हणून सोडून दिलं तर अमेरिकी कायद्यात ट्रेडमार्कवरचा हक्कच गमावण्याची वेळ येते. म्हणून परवान्यात दर्जाचे निकष, वर्षातून निदान एकदा तपासणी आणि परवाना रद्द करण्याचं कलम हवं. आपल्याच उपकंपनीला परवाना देतानाही हे सगळं लिहायचं.

कंपनीचा पैसा फाउंडेशनकडे कसा येतो?

वाटा चार: लाभांश, रॉयल्टी, देणगी आणि सेवांचा मोबदला. प्रत्येकीचा कर वेगळा, त्यामुळे आकड्यांतच बघू. समजा कंपनीचा करपूर्व नफा १० लाख डॉलर आहे.

लाभांश: कंपनी आधी २१ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार कर भरते. उरलेले ७ लाख ९० हजार फाउंडेशनला देता येतात. फाउंडेशनवर त्या रकमेचा कर नाही. सगळ्यात सरळ वाट हीच.

रॉयल्टी: नाव किंवा कोड वापरल्याबद्दल कंपनी फाउंडेशनला ३ लाख देते. हा कंपनीचा खर्च, त्यामुळे कर ७ लाखांवरच, १ लाख ४७ हजार. एरवी रॉयल्टीवर ना-नफा संस्थेला कर नसतो, आणि इथेच लोकांना वाटतं की ६३ हजार वाचले. तसं होत नाही. फाउंडेशनकडे कंपनीची ५० टक्क्यांहून जास्त मालकी असेल तर अशा कंपनीकडून आलेलं व्याज, भाडं आणि रॉयल्टी यांना ती सूट लागू होत नाही. ३ लाखांवर २१ टक्के म्हणजे पुन्हा ६३ हजार, एकूण तेच २ लाख १० हजार. फरक पडतो तो एकाच बाबतीत: कंपनीचं काम फाउंडेशनच्या उद्दिष्टाशी संबंधित आहे असं दाखवता आलं तर. निम्मं काम संबंधित ठरलं, तर साधारण निम्म्या रॉयल्टीवरच कर बसतो. मग ‘संबंधित’ ठरवणारा युक्तिवाद आधीच लेखी तयार हवा, तपासणीच्या नोटिशीनंतर नव्हे.

देणगी: कंपनीला करपात्र उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच देणगीची वजावट मिळते. आपल्या उदाहरणात १ लाख. २०२६ पासून सुरू होणाऱ्या करवर्षांत पहिल्या १ टक्क्याची वजावटही गेली, म्हणजे १ लाख दिले तर ९० हजारच धरले जातात.

सेवांचा मोबदला: फाउंडेशनची माणसं कंपनीचे हिशेब, कायदा, जागा सांभाळत असतील तर त्याचं बिल. दर बाजारभावाने किंवा प्रत्यक्ष खर्चाइतका, आणि मागे तासांची नोंद. जास्त आकारलं तर कंपनीचा नफा लपवल्याचा आरोप येतो. कमी आकारलं तर धर्मादाय पैशाने धंदा पोसल्याचा.

फाउंडेशनला दिलेली देणगी सॉफ्टवेअर बनवण्यावर खर्च होते का?

नेहमी नाही. देण्याआधी हे बघाच. मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी फायरफॉक्सच्या विकासावर खर्च होत नाही. ते काम कॉर्पोरेशन आपल्या उत्पन्नातून करते आणि देणग्या फाउंडेशनच्या जनजागृतीच्या, संशोधनाच्या कामाला जातात. मोझिलाच्याच थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचं उलट आहे. जानेवारी २०२० मध्ये ते एमझेडएलए टेक्नॉलॉजीज कॉर्पोरेशन या फाउंडेशनच्याच दुसऱ्या उपकंपनीत गेलं. तिला दिलेला पैसा थेट ईमेल प्रोग्रामवर खर्च होतो, पण कंपनी करपात्र असल्याने देणाऱ्याला करसवलत मिळत नाही.

कुठलंही फाउंडेशन कंपनीचे सगळे शेअर ठेवू शकतं का?

नाही. अमेरिकी करकायद्यात दोन जाती आहेत. जनतेकडून व्यापक आधार असलेली ‘सार्वजनिक धर्मादाय संस्था’ आणि एखाद्या कुटुंबाच्या किंवा देणगीदाराच्या पैशावर चालणारं ‘खासगी फाउंडेशन’. नावात फाउंडेशन आहे की नाही याने काही ठरत नाही. मोझिला फाउंडेशन पहिल्या जातीचं आहे.

खासगी फाउंडेशनला, संस्थापक आणि त्याच्या आप्तांचे शेअर धरून, एखाद्या कंपनीच्या मतदानाच्या हक्काचे २० टक्केच ठेवता येतात. देणगीत जास्त आले तर खाली यायला साधारण ५ वर्षं मिळतात. नाही उतरलं तर जादा हिश्श्याच्या किमतीवर १० टक्के दंडकर, आणि तरीही सुधारलं नाही तर २०० टक्के. २०१८ पासून एक अपवाद आहे: सगळे मतदानाचे शेअर फाउंडेशनकडे, ते विकत न घेतलेले, सगळा निव्वळ नफा धर्मादायाला आणि कंपनीचा कारभार स्वतंत्र, या अटी पाळल्या तर १०० टक्के चालतात.

खरा सापळा पुढे आहे. सार्वजनिक दर्जा टिकवायला ५ वर्षांच्या सरासरीत एकूण आधाराचा एक तृतीयांश भाग जनतेकडून आलेला दाखवावा लागतो (१० टक्क्यांची एक सैल कसोटीही आहे, पण तिला बाकीचे पुरावे लागतात). लाभांश हा जनतेचा आधार धरला जात नाही. तो भागाकारात छेदात, म्हणजे फक्त एकूण आधारात, धरला जातो. म्हणजे कंपनी जितकी भरभराटीला येईल आणि जितका लाभांश पाठवेल, तितकं फाउंडेशन कसोटीत घसरतं. दर्जा गेला की ते खासगी फाउंडेशन ठरतं आणि लगेच २० टक्क्यांची मर्यादा अंगावर येते. यावर उपाय म्हणजे सगळा नफा वर न पाठवता कंपनीतच राखणं आणि छोट्या देणगीदारांची संख्या सतत वाढती ठेवणं. दरवर्षी शेड्यूल ए (करखात्याच्या वार्षिक फॉर्मची जनतेच्या आधाराबद्दलची पुरवणी) भरताना पुढच्या दोन वर्षांचाही अंदाज काढा.

कॉर्पोरेशनऐवजी एलएलसी काढली तर?

एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. एकच सदस्य असलेली एलएलसी करखात्याच्या नजरेत वेगळी नसते, ती फाउंडेशनचाच भाग. कायदेशीर जबाबदारी मात्र वेगळी राहते. काम उद्दिष्टाशी संबंधित असेल आणि फक्त जोखीम वेगळी ठेवायची असेल तर हे सोयीचं. सिग्नल हे संदेशांचं ॲप चालवणारी सिग्नल मेसेंजर एलएलसी ही २०१८ मध्ये ब्रायन ॲक्टन यांच्या ५ कोटी डॉलरवर उभ्या राहिलेल्या सिग्नल फाउंडेशनच्या खाली आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाची मोठ्या ग्राहकांना डेटा विकणारी शाखाही एलएलसीच आहे. असंबंधित धंदा असेल तर एलएलसीचा कराच्या दृष्टीने काही उपयोग नाही.

उपकंपनी काढायची तर क्रम काय?

आधी फाउंडेशनच्या मंडळात ठराव: कंपनी कशासाठी, तिच्यात किती पैसा घालायचा, त्यातून उद्दिष्ट कसं साधतं. हा ठराव इतिवृत्तात सविस्तर हवा, कारण वर्षांनंतर तपासणीत तोच पुरावा असतो. मग कंपनीची नोंदणी, संमतीची कलमं घातलेली नियमावली, आणि रोख किंवा मालमत्तेच्या बदल्यात सगळे शेअर फाउंडेशनच्या नावे.

त्यानंतर कोड, डोमेन, करार आणि ट्रेडमार्क यांची यादी करून प्रत्येकापुढे लिहायचं: हस्तांतर की परवाना. आमचा सल्ला ठाम आहे: ट्रेडमार्क आणि मुख्य डोमेन (वेबसाइटचा पत्ता) फाउंडेशनकडे ठेवा, परवान्याने कंपनीला द्या. डोमेन कंपनीच्या नावावर गेलं आणि कंपनी दिवाळखोरीत निघाली, तर ते धनकोंच्या यादीत येतं. हस्तांतर करायचंच असेल तर स्वतंत्र मूल्यांकन घ्या.

मग कर्मचाऱ्यांची बदली, नवे नोकरीचे करार, कोडवरचे हक्क कुणाकडे जातील याचं कलम, स्वतंत्र बँक खातं, स्वतंत्र विमा. सामायिक खर्चाचा करार पहिल्याच दिवशी. शेवटी दोन्ही मंडळांचं हितसंबंध-धोरण: कोण कोणत्या ठरावात मत देणार नाही. कंपनीच्या मंडळावर फाउंडेशनशी संबंध नसलेले निदान एक-दोन संचालक असावेत.

सहसा कुठे बिघडतं?

दोन्ही बाजूंना एकच माणूस सही करतो, तिथून सुरुवात होते. परवाना देणारा तोच, घेणारा तोच. मग दर कुणी ठरवला या प्रश्नाला उत्तर नसतं. पुढे एकाच ईमेल पत्त्यावरून दोन्ही संस्थांचा पत्रव्यवहार, कंपनीच्या ग्राहकाला फाउंडेशनच्या नावाचं बिल, आणि वर्षभर न झालेली संचालक मंडळाची बैठक. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण एकत्र आल्या की कंपनी वेगळी नाहीच असं म्हणायला जागा मिळते: करखात्याला तिचं उत्पन्न फाउंडेशनच्या माथी मारायला, आणि दावेदाराला फाउंडेशनच्या पैशापर्यंत पोचायला. फाउंडेशनचे अधिकारी कंपनीचे रोजचे निर्णय घेऊ लागले तरी हेच होतं.

दुसरं दुखणं पगारांचं. उपकंपनीकडून पगार दिला म्हणून धर्मादाय संस्थेचे पगाराचे नियम चुकत नाहीत. फाउंडेशनच्या प्रभावी व्यक्तीला ताब्यातल्या कंपनीमार्फत वाजवीपेक्षा जास्त मिळालं, तर जादा रकमेवर तिला २५ टक्के दंडकर, आणि ती रक्कम वेळेत परत केली नाही तर २०० टक्के. बचावाला तीन गोष्टी लागतात: हितसंबंध नसलेल्यांनी मंजुरी, तुलनेचे आकडे आणि त्याच वेळी लिहिलेली नोंद.

तिसरं, एकाच ग्राहकावर अवलंबून राहणं. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग अनेक वर्षं गूगलच्या शोध-करारातून येत आला आहे. गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात असे पैसे देण्यावरच बंदी येते की काय, अशी वेळ आली होती. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात एकाधिकार करार रोखले गेले, पैसे देणं नाही.

कर्मचाऱ्यांना शेअर देता येतात का?

देता येतात, पण मग मालकी १०० टक्के राहत नाही, आणि शेअर विकायला बाजार नसेल तर कर्मचाऱ्याला त्यांचा उपयोग काय? म्हणून पूर्ण मालकीच्या कंपन्यांत रोख बोनस किंवा अनेक वर्षांच्या कामगिरीशी बांधलेली रक्कम देतात.

बाहेरून गुंतवणूक घेता येते का? कंपनी विकता येते का?

दोन्ही शक्य, पण धर्मादाय मालमत्तेला योग्य किंमत मिळालीच पाहिजे आणि मिळालेला पैसा धर्मादाय कामातच राहिला पाहिजे. त्यावर राज्याच्या महाधिवक्त्याची नजर असते. ओपनएआयची फेररचना कॅलिफोर्निया आणि डेलावेअर या दोन्ही राज्यांच्या महाधिवक्त्यांशी वाटाघाटी होऊनच पुढे गेली. गुंतवणूकदार येणार असतील तर संचालक नेमण्याचा हक्क आणि ट्रेडमार्क या दोन गोष्टी पहिल्या फेरीआधीच नक्की करा. नंतर त्या मागून मिळत नाहीत.

अपाचे आणि लिनक्स फाउंडेशन याच प्रकारातले का?

नाहीत. दोन्ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर सांभाळतात, पण रचना वेगळी. अपाचे ५०१(सी)(३) आहे, तिचे सदस्य व्यक्ती असतात आणि पैसे देणाऱ्या कंपन्यांना त्या बदल्यात मंडळावर जागा मिळत नाही. लिनक्स फाउंडेशन ५०१(सी)(६) म्हणजे उद्योगसंघ आहे. कंपन्याच तिच्या सदस्य.

अमेरिकेबाहेर चित्र वेगळं आहे का?

बरंच. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थेची व्यापारी उपकंपनी आपला सगळा करपात्र नफा हिशेबी वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत मूळ संस्थेला दान करून आपला कर शून्यावर आणू शकते. अमेरिकेतल्या १० टक्क्यांच्या मर्यादेशी ताडून बघा. स्वित्झर्लंडमध्ये जून २०२४ मध्ये प्रोटॉन फाउंडेशन हे प्रोटॉन या ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीचं मुख्य भागधारक झालं. हेतू उघड होता: फाउंडेशनच्या संमतीशिवाय कंपनी कुणाच्या ताब्यात जाऊ नये. नेदरलँड्समध्ये ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशनच्या जोडीला ब्लेंडर इन्स्टिट्यूट ही कंपनी २००७ पासून आहे.

एखाद्या फाउंडेशनचं आणि कंपनीचं नातं बाहेरून कसं तपासायचं?

फॉर्म ९९०, म्हणजे करमाफ संस्थेचं करखात्याकडचं वार्षिक विवरणपत्र, मागवा. करमाफ संस्थेला तो तीन वर्षांपर्यंत मागेल त्याला द्यावा लागतो आणि बहुतेकांचा ऑनलाइनच मिळतो. थेट त्याची शेड्यूल आर ही संबंधित संस्थांची पुरवणी उघडा. पहिल्या भागात एलएलसी, चौथ्या भागात करपात्र कंपन्या मालकीच्या टक्केवारीसह, पाचव्या भागात आपसातले व्यवहार: लाभांश, रॉयल्टी, कर्ज, सामायिक कर्मचारी. मग मूळ फॉर्मच्या सातव्या भागात अधिकाऱ्यांना संबंधित संस्थांकडून किती मिळालं याचा वेगळा रकाना असतो, तो बघा. फाउंडेशनकडून शून्य आणि शेजारच्या रकान्यात मोठा आकडा, हे नेहमीचं दृश्य आहे. शेड्यूल एलमध्ये हितसंबंधी व्यक्तींशी झालेले व्यवहार, शेड्यूल एमध्ये जनतेच्या आधाराची टक्केवारी.

ट्रेडमार्कचा मालक अमेरिकी पेटंट व ट्रेडमार्क कार्यालयाच्या शोधपानावर फुकट कळतो. परवान्याचा मजकूर मात्र बहुधा जाहीर नसतो. तो फाउंडेशनकडे लेखी मागा. फॉर्म ९९० वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि आणखी सहा महिने मुदतवाढ मिळते, त्यामुळे डिसेंबरअखेर वर्ष संपणाऱ्या संस्थेचे आकडे पुढच्या नोव्हेंबरपर्यंत दिसले नाहीत तर त्यात वावगं काही नाही.